भेटायची वेळ

पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी पुंजाराम कळवणहून नाशिकच्या दवाखान्यात दाखल झाला, तेव्हा भीतीने त्याचं ब्लडप्रेशर चढलं होतं. डॉक्टर चैतालीने त्याच्या कॉटजवळ स्टूल ओढलं. भूल कशी देतात, पोटाला छिद्रं किती लहान पाडतात, शुद्धीवर आल्यावर काय दुखेल, सगळं साध्या मराठीत सांगितलं. त्याच्या शंका संपेपर्यंत ती उठली नाही.

“आता लय हलकं वाटतं, म्याडम. भीती नाय राहिली,” पुंजाराम हसला. चढलेलं ब्लडप्रेशरही उतरलं.

संध्याकाळी इंदिरानगरहून त्याचे साडू महेशराव भेटायला आले.

“साडूभाऊ, अजिबात घाबरायचं नाही! आमच्या शेजारच्या जाधवांचंही हेच ऑपरेशन होतं. तेही असेच हसत हसत आत गेले.”

“मंग?”

“मग काय? दहाव्याला मीच होतो रामकुंडावर.”

थोड्या वेळाने सिस्टरने ब्लडप्रेशर तपासलं, तर ते इतकं चढलं होतं की डॉक्टरांना ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं.

महेशराव पुंजारामच्या बायकोला म्हणाले, “काय दवाखाना आहे! पेशंटला धीर द्यायला एक माणूस नाही यांच्याकडे. काळजी करू नका, मी उद्या परत येतो.”