तलावातला नारळ

सकाळची पहिली फेरी आटोपून कमळाकरने पेडल बोट धक्क्याच्या खुंटाला बांधली आणि सवयीप्रमाणे दोरी दोन हात सैल सोडली. मागून रिसॉर्टच्या मॅनेजर विनिता मॅडम आल्याच.

“काका, परत? बोटी एकमेकींवर आपटतात. काल त्या बदकाच्या बोटीची चोच गेली.”

“आवळून बांधली आनि पानी उतरलं, तर बोट टांगून राहते ना मॅडम.”

“अहो, तलाव आहे हा! इथे कसली ओहोटी?”

कमळाकरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पनवेलमागच्या डोंगरात अडवलेलं गोडं पाणी ते, त्याला ना भरती ना ओहोटी. पण चाळीस वर्षं उरणच्या मोरा बंदरावर होडी बांधलेल्या हातांना कोण समजावणार? होडी विकली, मुलाच्या सुकापूरच्या फ्लॅटवर राहायला आला, इथे रिसॉर्टच्या बोटी सांभाळायचं काम मिळालं. चारचौघांसारखं सगळं नीट झालं. एवढंच, की दिवसभर पाण्यात राहूनही संध्याकाळी हात खारट लागत नसे, आणि मग त्याला जेवण गोड लागत नसे.

आज नारळी पौर्णिमा होती. बायको वेणू कालच भावाकडे मोऱ्याला गेली होती. कमळाकरच्या पिशवीत सोनेरी कागद लावलेला नारळ होता. होडी असो नसो, घरचा नारळ घरच्या पुरुषाने दर्याला द्यायचा, हे एकाही वर्षी चुकलं नव्हतं.

“बाराच्या जीपनं मला ठेसनापरत सोडा, मॅडम. चारपरत मोऱ्याला पोचतो. रात्रीचा कामावर हाय मी.”

विनिता मॅडम बाई वाईट नव्हती. तिने कपाळाला हात लावला. “काका, सुट्ट्या जोडून आल्यात. तंबूसुद्धा भरलेत. कयाकला चाळीस जण आहेत, आणि कोणी पडलं तर उडी मारणारे तुम्ही एकटे. कसं सोडू, सांगा.”

पाण्यात पडणाऱ्याला टाकून नारळ सोडायला जाणं कमळाकरलाही पटलं नसतं.

“त्यापेक्षा इथेच करू या की,” मॅडमचा चेहरा एकदम खुलला. “पाणी ते पाणी! पाहुण्यांनाही बघायला मिळेल.”

जेवणाच्या हॉलबाहेरच्या फळ्यावर ‘झिपलाइन’ आणि ‘तिरंदाजी’ यांच्या खाली तिने खडूने लिहिलंसुद्धा : ‘चार वाजता – नारळी पौर्णिमा, धक्क्यावर.’

चार वाजता धक्का भरला. मॅडमने कुठून तरी कोळ्याची लाल टोपी पैदा केली होती, कुठल्याशा गॅदरिंगची, हनुवटीखाली इलॅस्टिक असलेली. कमळाकरने ती मुकाट्याने घातली. खाली वाकून त्याने नारळाला कुंकू लावलं, डोळे मिटले, ‘दर्या राजा’ म्हणायला तोंड उघडलं आणि गप्प झाला. समोर दर्या नव्हता. परक्याच्या घरी जाऊन आपल्या देवाचं नाव घ्यावं, तसं त्याला वाटलं. त्याने नुसताच नारळ पाण्यावर ठेवला.

टाळ्या पडल्या.

“काका, परत एकदा टाका ना,” लाइफ जॅकेट घातलेल्या एक बाई म्हणाल्या. “फोटो हलला.”

कमळाकर बघतच राहिला. दर्याला दिलेला नारळ कोणी परत मागितल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. पण इथला नारळ कुठे गेलाच नव्हता, हाताच्या अंतरावर उभा होता. त्याने तो उचलला आणि परत ठेवला. मग आणखी कोणाचा तरी व्हिडिओ राहिला होता. त्याने तिसऱ्यांदा ठेवला.

भजी आल्याची हाक आली तशी धक्का रिकामा झाला. कमळाकरने टोपी काढून पिशवीत कोंबली. आता मोऱ्याला पाणी जोरात उतरत असणार. पुनवेची ओढ, नारळ हातातून सुटतो तो वळूनही बघत नाही. इथला मात्र धक्क्याच्या लाकडाला डोकं टेकून बसला होता. कमळाकरने वल्ह्याने ढकलला. फिरून आला. तो उठून बोटी बांधायला लागला. मॅडमने सांगितल्याप्रमाणे, आवळून.

मोबाइल वाजला. वेणू होती. तिच्यामागे बेंजो वाजत होता, माणसं ओरडत होती, आणि त्या सगळ्याखाली पाण्याचा आवाज होता. कमळाकरने मोबाइल कानाशी घट्ट दाबला.

“येनार नाय ना?” वेणूने विचारलं.

“नाय गो. सुटी नाय.”

“मग नारल?”

“सोडला इथंच.”

“गेला?”

कमळाकरने खाली पाहिलं. सोनेरी कागद भिजून सुटला होता. आतला नारळ होता तिथेच होता.

“जाईल,” तो म्हणाला. एका हाताने त्याने नुकती मारलेली गाठ सोडली आणि दोरी दोन हात सैल केली. “इथं डोंगरात ओहोटी जरा उशिरा लागते.”

वेणूचा जन्म मोऱ्यातला, दर्या दारात. तिला भरती-ओहोटी कोणी शिकवायला नको होती.

“लागंल,” ती म्हणाली. “तवर तुमी बसा त्याच्याजवल.”