अख्खा टन

काट्यावरचे लाल आकडे थांबले, तेव्हा श्रुतिकाने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. नऊशे त्र्याण्णव किलो.

"सकाळी हजार चाळीस भरला होता," चांगू म्हणाला. बर्फाच्या एकवीस लाद्या त्याने एकट्याने काट्यावर रचल्या होत्या. आता तो त्यांच्याकडे ऐन लग्नात रुसलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसा बघत होता.

"सकाळी मी एसटीत होते," श्रुतिका म्हणाली.

देशातल्या कारखान्यांतून महिन्याला किती माल निघाला, याचा एक आकडा दिल्लीत जाहीर होतो. वर गेला की बातमी होते, खाली गेला की चर्चा होते. त्या आकड्यात दासगावच्या या बर्फ कारखान्याचा वाटा छत्तीस महिने शून्य होता. पण तो शून्य दर महिन्याला पाच तारखेच्या आत पोचायचा. मालकीण खतीजाबी तो स्वतः भरायची, सही-शिक्क्यासकट. जोरात चाललेले कारखाने उशीर करायचे, हा शून्य कधी चुकला नाही. सदतिसावा शून्य लागला की यादीतून नाव जाणार होतं. 'कायमचा बंद' लिहून त्याखाली खतीजाबीची सही घ्यायला आकडेवारी खात्यातली श्रुतिका आज, एकतीस मार्चला, आली होती. आली, तर यंत्र धडधडत होतं.

"नऊशे त्र्याण्णव म्हणजे टनच की," खतीजाबी म्हणाली.

श्रुतिकाने फॉर्म तिच्याकडे फिरवला. रकाना टनांचा होता. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: अपुरा टन धरू नये.

"मग काय लिवणार?" चांगूने विचारलं.

"शून्य."

"हात लावून बघा, मॅडम. शून्य एवढा गार नसतो."

श्रुतिकाने हात लावला. गार होता. पण फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. लाद्यांवरचं गोणपाट तिनेच काढायला लावलं होतं, त्याचं वजन नको म्हणून. त्यामुळे बर्फ आता अगदी मोकळेपणाने वितळत होता. नऊशे ब्याण्णव पूर्णांक सहा.

"पाणी मी घमेल्यात धरलंय," चांगू म्हणाला. "ते चढवू काय?"

"पाणी म्हणजे बर्फ नव्हे."

"मघापर्यंत यालाच आमी बर्फ समजत होतो."

खतीजाबी मात्र फॉर्म वाचत होती. छत्तीस वेळा भरलेला फॉर्म, पण मागची बाजू तिने आज पहिल्यांदा बघितली. "विकलेला माल धरता का?"

"धरतो. पण मला दिसला पाहिजे."

खतीजाबी फाटकाकडे धावली. पन्नाशीच्या बाईने धावावं तशी नाही, तर फाटकाच्या पलीकडे आठ किलो बर्फ आहे हे माहीत असलेल्या बाईने धावावं तशी. "येसू! ए येसू! पाटी घेऊन ये!"

फाटकापाशी मासे विकत बसलेली येसूबाई डोक्यावर पाटी घेऊन आत आली. कारखान्याचा आजचा पहिला बर्फ तिने सकाळी विकत नेला होता.

"बर्फ दे," खतीजाबी म्हणाली. "पाच मिनिटं."

"नि माझा मासा? मरेल ना."

"मासा मेलेलाच हाय गो," चांगू म्हणाला.

"मेलाय, पण ताजा मेलाय." येसूबाई पाटी सोडेना. "कोनाला पायजे बर्फ?"

"देशाला," श्रुतिका म्हणाली. दुसरं उत्तर तिला सुचलं नाही.

येसूबाईने तिला खालून वर न्याहाळलं. मग पाटी खाली ठेवली आणि माशांमधून बर्फाचे तुकडे उपसायला लागली. खतीजाबी ते ओच्यात घेऊन धावत होती, चांगू लाद्यांवर रचत होता. नऊशे शहाण्णव. नऊशे नव्याण्णव. शेवटचा तुकडा पडला. हजार पूर्णांक दोन.

"झाला!" चांगू ओरडला.

"थांबा," श्रुतिका म्हणाली. "त्यात बांगडा आहे."

होता. दोन लाद्यांच्या मधोमध, शांतपणे.

"राहू दे की," खतीजाबी म्हणाली. "एवढासा तर आहे."

"मासा आमच्याकडे येत नाही. त्याचं खातं वेगळं."

चांगूने श्वास रोखून, दोन बोटांनी बांगडा शेपटीला धरून उचलला. आकडे लुकलुकले. यंत्रसुद्धा जरा हळू धडधडल्यासारखं वाटलं.

एक हजार. पुढे पूर्णांक शून्य.

"फोटो!" खतीजाबी किंचाळली, आणि श्रुतिकाने फोटो काढला. मग तिने फॉर्मच्या रकान्यात 'एक' लिहिला आणि तोच पिशवीतल्या टॅबवरही भरला. चांगूने बांगडा डोक्यावरून पताकेसारखा फिरवला.

"आता आमची वाढ किती टक्के, ते सांगा," खतीजाबी म्हणाली.

श्रुतिकाने टॅबवरचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "येत नाही."

"का?"

"मागच्या महिन्यात शून्य, या महिन्यात एक. शून्याने भागता येत नाही. तुमची वाढ मोजता येत नाही."

"देशाची किती आहे?"

"चार-पाच टक्के."

खतीजाबीने ओला पदर नीट केला. "नि आमची मोजताच येत नाही."

"नाही."

"पुढल्या महिन्याला दोन टन काढू!" चांगू म्हणाला.

"मग शंभरच टक्के होईल."

चांगूचा चेहरा पडला. "एकदम एवढी खाली?"

येसूबाई रिकाम्या पाटीवर हात ठेवून उभी होती. "काय गो पोरी, झालं काय तुजं? माझा बर्फ देतेस, का देशाला अजून लागतोय?"

खतीजाबीने तुकड्यांना हातच लावला नाही. तिने टोचा घेतला, वरची लादी मधोमध फोडली आणि अख्खी अर्धी लादी येसूबाईच्या पाटीत ढकलली. मागे काट्यावरचे आकडे भराभर खाली यायला लागले. त्यांच्याकडे आता कोणी बघत नव्हतं.