टाकीवरचा रंग

मानपाड्याला टेम्पोने उडवल्यापासून सहदेव प्लास्टरमधला पाय टांगून हॉस्पिटलात पडलेला, आणि टेम्पोवाला म्हणत होता, माझी गाडी त्याला लागलीच नाही. खरंखोटं बघायला विम्याचे साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आले. सहदेवच्या आईने, गंगुबाईने, मोटरसायकलवरची चादर बाजूला केली. हँडलला झेंडूचा हार होता.

साहेबांनी चेपलेल्या टाकीवरून दोनदा बोट फिरवलं. "मावशी, टेम्पोचा निळा रंग टाकीला लागलाय, असं सहदेव म्हणाला होता."

"लागलेला ना. दसऱ्याला गाडी तोच धुतो, यंदा मी धुतली. सगळी माती निघाली, तेवढा डाग काही हटेना." गंगुबाईने हार सरळ केला. "म्हटलं, तुम्ही बघायला येणार, बरं नाही दिसत. मग रॉकेल लावून घासला."