शुद्धलेखन

“‘वाळू’मधला ळू दीर्घ असतो! उद्या समिती येतेय, कॉलेजची अब्रू घालवाल.” प्राचार्यांनी माझ्या ‘वाळु’भोवती लाल गोल काढला आणि प्रयोगशाळेच्या दारावरचा कागद उपटला.

मी इथला जुना शिपाई. कागदावर एवढंच लिहिलं होतं: ‘ॲल्युमिनियमची भुकटी पेटली तर पाणी नको, वाळु टाका.’ शुद्ध कागद टायपिंगला गेला. समिती आली, बासुंदी ओरपून गेली. कागद काही आला नाही.

पुढच्याच आठवड्यात, मी रजेवर असताना, बर्नरजवळ सांडलेली भुकटी पेटली. झाडलोट करणाऱ्या अनसूयाबाईंनी बादलीभर पाणी ओतलं. भडका उडाला, त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. बाई चौथी शिकलेल्या. दारावर कागद असता तर त्यांनी वाचला असता; ऱ्हस्व उकाराने त्यांचं काही अडलं नसतं.

आज मला मेमो मिळाला: ‘अशा आगीवर वाळु टाकावी, ही सूचना आपण दारावर का लावली नाही? लेखी खुलासा द्यावा.’ खाली प्राचार्यांची सही.

खुलासा मी लिहिला नाही. त्यांच्या ‘वाळु’भोवती लाल गोल काढला आणि मेमो परत पाठवला.