दुसरी शिट्टी

पहिली शिट्टी झाली की हातातलं टाकून टेकडीवर पळायचं, दुसरी झाल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हे अग्निशमन दलाच्या प्रशिक्षकाने जंगलातल्या वस्तीकडून महिनाभर घोकून घेतलं होतं. आज पुराचा सराव होता. कोंबडी काखोटीला मारून निघालेल्या म्हातारीवर तो खेकसला, "आजी, जीव मोठा की कोंबडी?" बिचारीने ती खुराड्यात कोंडली. सगळी माणसं टेकडीवर ओळीत बसली, तशी त्याची छाती फुगली. तेवढ्यात रिकाम्या वस्तीत बुलडोझर शिरले. त्याने घाईघाईने शिट्टी तोंडाला लावली. "थांबा," मागून आलेले त्याचेच साहेब हळूच म्हणाले, "जागा मोकळी होऊ द्या. उगाच का ठेवला सराव? नोकरी प्यारी आहे ना?" त्याने शिट्टी खिशात टाकली. पहिलं छप्पर खुराड्यासकट गेलं. पोरं खाली धावणार, तोच म्हातारीने त्यांना दरडावून बसवलं, "जीव मोठा! दादाची शिट्टी व्हायचीय अजून."