पाचवं माणूस

चैतालीच्या लग्नाला घरात चारच माणसं चालतील, असं फौजदारांनी दारात उभं राहून सांगितलं. चौकातल्या दगडफेकीनंतर पाटोद्यात जमावबंदी लागली होती. पाच माणसं एकत्र आली की गुन्हा.

नवरा-नवरी दोन, लग्न लावणारे भन्ते तिसरे. दोन्हीकडचे बाप बाहेर थांबायला आधीच तयार झाले होते. प्रश्न दोन आयांचा होता. नवरीची आई मालनबाई पुढं झाली आणि एका माणसानं असं काय बिघडणार आहे, म्हणून विचारलं.

फौजदारांच्या कपाळावर त्याच दगडफेकीतले टाके होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"बाई, आज तुमाला सूट दिली तर उद्या दुसरा कुणी मागंल. त्यो काही लग्नासाठी मागणार न्हाई."

मालनबाईला ते पटलं, हीच अडचण झाली. तिनं आष्टीहून आलेल्या विहीणबाईंना, वनमालाबाईंना, आत बसायला सांगितलं. तुम्ही लांबून आलात, म्हणाली. मग लेकीच्या पांढऱ्या साडीचा पदर नीट केला आणि गल्लीत जाऊन उभी राहिली.

आत मेणबत्ती लागली. खात्री करायला फौजदार उंबरा ओलांडून आले. वनमालाबाईंनी मान वर केली.

"साहेब, आता पाच झालो."

फौजदार जागीच थबकले. मग आल्या पावली बाहेर गेले आणि मालनबाईपासून थोडं अंतर ठेवून उभे राहिले.

भन्त्यांनी त्रिशरण सुरू केलं, तसा वरून आवाज आला. गल्लीतल्या घराघराच्या स्लॅबवर माणसं उभी होती, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. त्यांत दोन्ही बापही होते. भन्ते म्हणत ते सगळे म्हणत होते. कुठल्याच स्लॅबवर चारापेक्षा जास्त माणसं नव्हती. खाली गल्लीत मालनबाई एकटीच त्यांच्या आवाजात आवाज मिसळत होती. जोडलेले हात तिनं डोळे पुसायलाही सोडले नाहीत.

फौजदारांच्या घरघरणाऱ्या जीपमध्ये बसलेला शिपाई हनुमान मान बाहेर काढून वर बघत होता.

"साहेब, ह्याला जमाव म्हणायचा का?"

फौजदारांनी एकेका घराकडं बघत नजर गल्लीच्या टोकापर्यंत नेली.

"आधी जीप बंद कर," ते म्हणाले. "ऐकू येत न्हाई."