दुधाकडे वळणारा डोळा

बायको इंदुमती गेल्याचं कळताच पोलीस लाइनीतली माणसं खरातांच्या दारात जमली. त्यांच्या मागोमाग लाचलुचपत चौकशी विभागाच्या तांबोळी मॅडम तिचा कृत्रिम डोळा ताब्यात घ्यायला आल्या. न्यायालयाच्या परवानगीने तो वर्षभर फौजदार खरातांचं घर टिपत होता.

आतल्या खोलीत मॅडमनी खरातांना चित्रण दाखवलं. कोणी पेढ्यांचा पुडा घेऊन आलं, की डोळा वळे आणि गॅसवरच्या दुधाकडे बघत राही. पुड्यात पेढ्यांखाली काय असे, ते कुठेच दिसत नव्हतं.

"वाचवलं हो तिने मला!" खरातांना हुंदका आवरेना.

"साहेब, परवानगी गुप्त होती. डोळ्यातून चित्रण होतंय, हे तुमच्या मिसेसना ठाऊकच नव्हतं."

"मग ती तोंड कशाला फिरवायची?"

"ते मला काय विचारता?"

खरातांना आजवर वाटायचं, तिला दूध उतू जायची फार धास्ती. त्यांची मान खाली गेली.

"पुराव्याअभावी प्रकरण बंद होईल," मॅडम उठत म्हणाल्या. "तुम्ही स्वतः जबाब दिलात, तरच पुढे जाईल."

इंदुमतीचं वर्षश्राद्धही झालं. खरातांनी जबाब अजून दिलेला नाही.